कलमांची भाषा आणि कवितेची भाषा

नामदेव ढसाळ यांचा ‘गोलपिठा’ १९७२ साली प्रसिद्ध झाला. मुंबईच्या वेश्यावस्तीचे हे काव्य शिष्टसंमत आहे की नाही, याची चर्चा आपल्या टीकाकारांनी पुष्कळ केली. परंतु त्याच स्त्रीविषयी राष्ट्राने जे गद्य लिहून ठेवले आहे, त्याची चिकित्सा वाङ्मयीन नियतकालिकांत क्वचितच आढळते. गढ्यासारख्या दूरच्या गावी बदलीवर आलेल्या आम्हां कारकुनांचे आयुष्य कलमे-पोटकलमे वाचण्यातच जाते. म्हणून हे काम आम्ही अंगावर घेत आहो.

१९५० च्या न्यूयॉर्क येथील आंतरराष्ट्रीय करारास अनुसरून १९५६ चा अनैतिक व्यापारविषयक कायदा झाला. मूळ व्याख्येत मोबदल्यासाठी देह देऊ करणे ही स्त्रीची कृती होती. १९८६ च्या दुरुस्तीने ती बदलली व वेश्याव्यवसाय म्हणजे व्यापारी हेतूने होणारे व्यक्तींचे लैंगिक शोषण, असे ठरविले. म्हणजे व्याख्येपुरती ती स्त्री पीडित ठरली. कलम ८ मात्र कायम राहिले! गिऱ्हाईकास खुणावल्याबद्दल पहिल्याच अपराधास तिला सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. तोच अपराध पुरुषाने केल्यास किमान सात दिवस आहेत हे खरे, परंतु कमाल तीनच महिने. एकाच कथेत नायिकेस दुसऱ्या पानावर पीडित व आठव्या पानावर अपराधी म्हणणाऱ्या लेखकास आपण काय म्हटले असते?

कलम ४ याहून कठोर आहे. तिच्या मिळकतीवर जगणारी अठरा वर्षांवरील कोणतीही व्यक्ती त्यात दोषी ठरते. हेतू दलालास पकडण्याचा. परंतु शब्दांच्या जाळ्यात तिचा शिकणारा मुलगा व म्हातारी आईही सापडते. १९५८ साली अलाहाबादच्या उच्च न्यायालयात हुस्नाबाईने आपल्यावर अवलंबून असलेल्या भावंडांचाच दाखला दिला होता. तिचा अर्ज फेटाळला गेला.

पुढे १९९६ साली सांगलीत या स्त्रियांनी ‘वेश्या अन्याय मुक्ती परिषद’ स्थापन केली, आणि १९ मे २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्यांनाही सन्मानाने जगण्याचा हक्क असल्याचे सांगून पोलिसांना तसे वागण्याचे निर्देश दिले. कलम ४ व कलम ८ मात्र त्यामुळे रद्द झालेली नाहीत.

कवितेतील शिवराळ शब्दाने वाचकाच्या कानास इजा होते. कायद्यातील सैल शब्दाने एखादी आई व तिचा मुलगा कोठडीत जाऊ शकतात. आपल्या टीकेने यापुढे कोणत्या शब्दांकडे अधिक बारकाईने पाहावे, हे वाचकांनीच ठरवावे.