घरच्या पडद्यावरचा मूक विनोद

मूक विनोदी चित्रपट म्हटले की आपल्यापैकी बहुतेकांच्या डोळ्यांपुढे धावपळ उभी राहते. टोपी उडते, माणूस आपटतो, पोलीस मागे लागतात आणि सगळी पात्रे पायाखाली निखारे असल्यासारखी चालतात. हे चित्र खोटे आहे असे माझे स्पष्ट मत आहे. ते आपल्या घरांत शिरले ते बहुतांशी छोट्या फितीच्या डब्यांतून. पण ज्या डब्यांनी हा गैरसमज पसरवला, त्यांनीच हे चित्रपट जगवलेही. तेव्हा घरोघरी बॉयडेमवर धूळ खात पडलेली रिळे फेकायची की ठेवायची, हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही.

माझ्यापुढे तो असा आला. माझ्या मावशीचे यजमान अश्दोदला राहत. आम्ही भावंडे त्यांना काकाच म्हणत असू. बंदरावर नोकरी, शनिवारी संध्याकाळी हवदाला झाली की पांढरी चादर भिंतीवर ताणायची आणि प्रोजेक्टर लावायचा, हा त्यांचा नेम. मी मुंबईहून एस.एस.सी. करून या देशात आले तेव्हा हिब्रूचे दोन शब्दही धड येत नव्हते. पण त्या चादरीवरचे सारे समजत असे. काका गेल्यावर त्यांच्या मुलांनी मला बोलावले. "ताई, तू पप्पांबरोबर बसून हे पाहायचीस. आता तूच सांग, काय ठेवायचे?" सत्तेचाळीस रिळे होती. सगळी लावून पाहिली, घड्याळ लावून मोजली आणि मग जे मत झाले ते इथे मांडते आहे.

आधी थोडी माहिती. चित्रपटगृहातली फीत पस्तीस मिलिमीटर रुंदीची आणि त्या काळी नायट्रेटची, म्हणजे भडकन पेटणारी. ती घरात आणणे धोक्याचेच. फ्रान्सच्या पाथे कंपनीने १९२२ च्या अखेरीस साडेनऊ मिलिमीटरची, न भडकणारी फीत आणली. तिची छिद्रे कडेला नसून दोन चौकटींच्या मधोमध असत. पुढच्याच वर्षी कोडॅकची सोळा मिलिमीटर आली, १९३२ साली आठ मिलिमीटर आणि १९६५ मध्ये 'सुपर आठ'. पाथेची एक युक्ती मला फार आवडते: पाटी आली की फितीच्या कडेला एक खाच असे, ती लागताच यंत्र त्या चौकटीवर काही सेकंद आपोआप थांबे. वाचण्यासाठी फुटेच्या फुटे फीत खर्च करायला नको. गरिबाच्या संसारासारखी काटकसर!

पण दुसऱ्या एका काटकसरीने घात केला. हिशेब पाहा. दोन रिळांचा विनोदी पट सुपर आठवर पूर्ण उतरवायचा तर सुमारे चारशे फूट फीत लागते. सेकंदाला अठरा चौकटी या गतीने ती जवळजवळ सत्तावीस मिनिटे चालते. दुकानात स्वस्त मिळे ती पन्नास फुटांची डबी. तिची लांबी तीन मिनिटे वीस सेकंद. म्हणजे आठ आण्यांतला एक आणा. विक्रेता कोणता आणा ठेवणार? अर्थातच आपटण्याचा. माणूस का आपटला, आपटण्यापूर्वी त्याने किती वेळ स्वतःला सावरले, समोरच्याने त्याच्याकडे कसे पाहिले, हे सारे कात्रीखाली गेले. काकांच्या सत्तेचाळीस रिळांपैकी एकवीस अशी निघाली. डब्यांवर चार्लीचे चित्र मोठे आणि आत चार्ली फक्त चिमूटभर.

चार्ली चॅप्लिनने १९१६ आणि १९१७ या दोन वर्षांत म्युच्युअल कंपनीसाठी बारा छोटे पट केले. त्यांतला 'द पॉनशॉप' घ्या. गहाणवटीच्या दुकानात एक गिऱ्हाईक गजराचे घड्याळ घेऊन येते आणि नोकर चार्ली ते तपासतो. मी सदतीस वर्षे इस्पितळात काढली आहेत. त्या हक्काने सांगते की रुग्णतपासणीची याहून खरी नक्कल मी पाहिलेली नाही. तो स्टेथोस्कोप लावतो. बोटांनी ठोकून आवाज ऐकतो. चेहरा गंभीर, जणू नातेवाईकांना काय सांगावे याचा विचार चालला आहे. मग डबा उघडायच्या चावीने मागचे झाकण कापतो, आत नाक घालून हुंगतो, स्प्रिंग बाहेर ओढतो. शेवटी काउंटरवर पसरलेले भाग किड्यांसारखे वळवळू लागतात, तेव्हा त्यांच्यावर तेल टाकून त्यांना शांत करतो; आणि सारा ढीग गिऱ्हाइकाच्या टोपीत भरून मान हलवतो. काही होणे शक्य नाही.

या प्रवेशाचा सगळा विनोद त्याच्या संथपणात आहे. घाई केली तर तो नुसती मोडतोड ठरतो. सावकाश पाहिले तर कळते की चार्ली घड्याळ मोडतच नाही, तो शेवटपर्यंत त्याच्यावर उपचार करतो आहे. काकांकडे याच्या दोन प्रती होत्या. पन्नास फुटांच्या डबीत स्टेथोस्कोप नाही, थेट डबाउघडणी आहे. गिऱ्हाईक झालेल्या आल्बर्ट ऑस्टिनचा हताश चेहराही जवळजवळ गायब. पूर्ण प्रतीत तो चेहराच निम्मे काम करतो. दोन्ही रिळे एकामागून एक लावली तेव्हा काकांचा धाकटा मुलगा म्हणाला, "हे दोन वेगळे पिक्चर आहेत." मुलगा चित्रपटाचा जाणकार नव्हे, पण अगदी बरोबर बोलला.

आता गतीविषयी. त्या काळी कॅमेरा हाताने फिरवत. चौकटी सेकंदाला सोळा ते वीसच्या आसपास पडत. बोलपट आले तेव्हा गती चोवीस ठरली, आणि जुने मूकपट त्याच चोवीसवर चालवले जाऊ लागले; टेलिव्हिजनवर तर पंचवीसवर. निखाऱ्यांवरून चालणारी ती माणसे इथून आली. इथे मात्र छोट्या फितीच्या बाजूने उभे राहिलेच पाहिजे. घरचा प्रोजेक्टर सोळा किंवा अठरावर चाले, काही यंत्रांत गती कमीजास्त करायचे बटणही असे. म्हणजे मोठ्या थिएटरातल्यापेक्षा भिंतीवरच्या चादरीवर चार्ली अधिक माणसासारखा चालत होता. अर्थात हे विनोदवीर कधीकधी मुद्दामच कॅमेरा हळू फिरवून पडद्यावर वेग आणत, त्यामुळे सगळेच संथ चालवले तरीही चुकते. बटणावर हात ठेवून पाहावे लागते, नाडी पाहतात तसे.

लॉरेल-हार्डीचा 'बिग बिझनेस' (१९२९) हा या सगळ्या वादाचा निकालच आहे. कॅलिफोर्नियाच्या उन्हात दोघे दारोदार ख्रिसमसची झाडे विकतात. एका दारी जेम्स फिनलेसन नावाचा तिरसट गृहस्थ. दारात फांदी अडकते, पुन्हा घंटा, पुन्हा फांदी. तो झाड कापतो. हे त्याच्या घराची खोडी काढतात. तो यांच्या मोटारीची. शेवटी एकीकडे घराचा आणि दुसरीकडे मोटारीचा चुराडा. ऐकायला धिंगाणाच वाटतो. पण पाहताना लक्षात येते की एक जण नासधूस करीत असताना दुसरा कधीही मध्ये पडत नाही. शांतपणे उभा राहून पाहतो, विचार करतो, मग आपली पाळी घेतो. समोर एक पोलीस गाडीत बसून हे सारे वहीत टिपून घेतो आहे! दोन शेजाऱ्यांच्या भांडणातली ती सभ्यता, ती पाळी, हाच विनोद. आपल्या चाळीत नळावरची भांडणे ज्यांनी ऐकली आहेत त्यांना हे समजावून सांगायला नको. काकांच्या कापलेल्या डबीत फुटणाऱ्या खिडक्या आहेत, पाळी नाही.

बस्टर कीटनच्या 'वन वीक'चे (१९२०) तेच. नवरा-बायको जोडून बांधायचे घर विकत घेतात, कोणीतरी खोक्यांचे आकडे बदलतो, आणि घर वेडेवाकडे उभे राहते. शेवटी ते घर रुळांवर अडकते. गाडी येते, दोघे डोळे मिटतात, गाडी शेजारच्या रुळावरून निघून जाते. हुश्श. आणि मग उलट दिशेने दुसरी गाडी. पहिली गाडी कापली तर दुसरीला काहीच अर्थ उरत नाही. तरी ती कापलेली प्रत मी माझ्या डोळ्यांनी पाहिली.

अमेरिकेत आयोवा राज्यातल्या डेव्हनपोर्ट गावी 'ब्लॅकहॉक फिल्म्स' नावाची कंपनी होती. तिने हॅल रोच स्टुडिओचे लॉरेल-हार्डी पट, तसेच चार्ली आणि इतर अनेक, टपालाने घरोघरी विकले. आणि पूर्ण लांबीचे विकले. सुरुवातीला त्या पटाची माहिती देणाऱ्या पाट्याही जोडत. काही लोकांना या पाट्या कंटाळवाण्या वाटतात. मला त्या शाळेतल्या चांगल्या बाईंसारख्या वाटतात. काकांचे इंग्रजी त्यांच्यामुळे सुधारले हे ते स्वतःच सांगत. संग्रहाची पारख करताना माझा पहिला नियम झाला तो हा: डब्यावरचे नाव पाहू नये, फूट पाहावेत. एकवीस पन्नासफुट्यांपेक्षा पाच चारशेफुटी रिळे श्रीमंत.

मात्र पूर्ण लांबी म्हणजे पूर्ण चित्र असे नाही. म्युच्युअलच्या पटांना १९३० च्या दशकात संगीत आणि आवाज जोडून पुन्हा बाजारात आणले गेले. आवाजाच्या पट्टीसाठी चौकटीची डावी कड गेली. तशा प्रतीवरून काढलेल्या छोट्या फितीत चार्ली डावीकडे सरकला की त्याचा खांदा पडद्याबाहेर. आणि प्रतीवरून प्रत, तिच्यावरून आणखी प्रत, असे झाले की चेहरा पिठासारखा पांढरा होतो. चार्ली त्यातही तग धरतो, कारण तो सगळ्या अंगाने बोलतो. स्टॅन लॉरेलला ते परवडत नाही. त्याचे सारे काम डोळ्यांच्या पापण्यांत आहे. शिवाय लॉरेल-हार्डीच्या पटांत एच. एम. वॉकरने लिहिलेल्या पाट्या खवचट आणि नेमक्या असत. त्या कापणारा विक्रेता मला क्षमा करण्याजोगा वाटत नाही.

इतके दोष सांगितल्यावर कोणी म्हणेल, मग टाकून द्या, आता सगळे स्वच्छ करून डिस्कवर मिळतेच. पण ते स्वच्छ झाले कशावरून? 'द बॅटल ऑफ द सेंच्युरी' (१९२७) या लॉरेल-हार्डी पटातली क्रीमच्या पायांची लढाई जगाला कित्येक दशके माहीत होती ती रॉबर्ट यंगसनने १९५७ च्या आपल्या संकलनात वापरलेल्या तुकड्यांवरून. पाय उडताहेत, एवढेच. पूर्ण दुसरे रीळ २०१५ साली सापडले, ते सोळा मिलिमीटरचे. जॉन मिर्सालिस या संग्राहकाला दुसऱ्या एका संग्राहकाच्या मागे राहिलेल्या फितींत ते मिळाले. त्यात दिसले की लढाई एका केळ्याच्या सालीपासून, एकेका माणसाने, सावकाश वाढत जाते. म्हणजे कापल्यामुळे झालेला गैरसमज छोट्या फितीनेच दूर केला.

आपल्या वाचकांना जवळचे वाटेल असे एक नाव मुद्दाम शेवटाकडे ठेवले आहे: मॅक्स डेव्हिडसन. बर्लिनमध्ये जन्मलेला हा यहुदी नट, १९२७-२८ च्या सुमारास हॅल रोचकडे स्वतःच्या नावाने पट करी. दाढी, खांदे उडवणे, गालावर हात. यहुदी माणसाचे हे ठोकळेबाज सोंग पाहून माझ्या मैत्रिणी नाके मुरडतात, आणि काही पटांत त्यांचे म्हणणे रास्त आहे. पण 'पास द ग्रेव्ही' (१९२८) पाहा. शेजाऱ्याचा बक्षीस मिळवलेला कोंबडा चुकून याच्याच घरी शिजतो, शेजारी जेवायला बसलेला, आणि ताटातल्या तंगडीला बक्षिसाची चिठ्ठी तशीच. मुले बापाला खाणाखुणा करून सांगू पाहतात आणि बापाला उमगत नाही. इथे तो सोंग राहत नाही, बाप होतो. पाहुण्यांसमोर अब्रू राखू पाहणारा कुठलाही बाप. या पटाला अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदणीत १९९८ मध्ये स्थान मिळाले, आणि डेव्हिडसनचे पट म्युनिचच्या चित्रपट संग्रहालयाच्या कामामुळे २०११ पासून डिस्कवर आले. जरूर पाहावेत, आणि नातवंडांबरोबर पाहावेत.

आता रिळांचे. ही फीत पेटत नसली तरी आजारी पडते. डबा उघडताच सिरक्याचा वास आला तर फितीचा पाया सडू लागला असे समजावे. ती वाफ शेजारच्या रिळांनाही बिघडवते. म्हणून अशी रीळ ताबडतोब वेगळी ठेवावी, सांसर्गिक रुग्णाला ठेवतो तशी. उष्णता आणि दमटपणा हे दोन शत्रू, आणि अश्दोदमध्ये दोन्ही भरपूर. काकांची चार रिळे अशी निघाली. बाकी डबे बॉयडेमवरून काढून घरातल्या सर्वांत थंड कपाटात ठेवले आहेत. डिस्कवर उतरवून घ्यायचे असेल तर दुकानदाराला गती विचारावी. भिंतीवरचे चित्र नुसते कॅमेऱ्याने टिपून देणारे असतात. ते लुकलुकते आणि पुन्हा निखाऱ्यांवरची चाल सुरू. आणि उतरवून झाले तरी मूळ रीळ टाकू नये. जेरुसलेमचे सिनेमाटेक १९८१ मध्ये उघडले, ते उभारणाऱ्या लिया व्हॅन लीर यांनी सुरुवात केली होती ती आपल्या घरी मित्रमंडळींना सोळा मिलिमीटरचे चित्रपट दाखवून.

मुलांना मी सांगितले ते असे: ब्लॅकहॉकची रिळे सगळी ठेवा. पन्नासफुटी डब्यांपैकी ज्यांची पूर्ण प्रत घरात आहे त्या शेजारपाजारच्या मुलांना खेळायला, हात बसवायला द्या. उरलेल्या नऊ डब्यांविषयी अजून घोळ आहे, कारण त्यांतल्या तीनांवर नाव नाही आणि त्यांतला जाड्या पोलीस कोण हे मला ओळखता आलेले नाही. ती रिळे आधी कोणा जाणकाराने पाहावीत. ज्या वाचकांकडे रेग्युलर आठचा चालू प्रोजेक्टर आहे (काकांच्या यंत्राचा रबरी पट्टा शेवटच्या रात्री तुटला) त्यांनी संपादकांमार्फत कळवावे. सुपर आठच्या यंत्रात रेग्युलर आठची फीत कृपा करून घालू नये. छिद्रे जुळत नाहीत आणि फीत फाटते.