गुन्हेगार सापडल्यावर काय उरते?

उर्दू अदबची चर्चा निघाली की मंटो, बेदी, कुर्रतुल ऐन हैदर ही नावे आदराने घेतली जातात. इब्ने सफी यांचे नाव निघाले की मात्र हसून विषय बदलला जातो. 'ते जासूसी आहे, अदब नव्हे,' हा निकाल बहुधा न वाचताच दिलेला असतो. तो तपासून पाहायला हवा.

इब्ने सफी म्हणजे असरार अहमद. जन्म १९२८, अलाहाबाद जिल्ह्यातील नारा या गावी. १९५२ मध्ये अलाहाबादेतून त्यांची 'जासूसी दुनिया' सुरू झाली. त्याच वर्षी ते पाकिस्तानात गेले, तरी वाचक दोन्ही देशांत राहिले. १९५५ मध्ये 'इमरान सीरीज' आली. १९८० साली निधन होईपर्यंत दोन्ही मालिकांत मिळून सुमारे अडीचशे कादंबऱ्या त्यांनी लिहिल्या. पण संख्येवरून किंवा खपावरून साहित्याचा दर्जा ठरत नाही. लेखन स्वच्छ, अश्लीलतेपासून दूर आहे, हाही त्याचा पुरावा होत नाही. खरी कसोटी एकच: गुन्हेगार सापडल्यावर पुस्तकात काय उरते?

इमरानचेच पाहा. तो उच्चशिक्षित आहे, पण चारचौघांत वेड्यासारखा वागतो. गुप्तचर खात्याचा प्रमुख 'एक्स-टू' तोच, हे त्याच्या हाताखालच्या माणसांनाही ठाऊक नसते. ती इमरानची टर उडवतात आणि टेलिफोनवर एक्स-टूचा आवाज आला की थरथरतात. माणूस एकच, मान मात्र खुर्चीला! आपल्या समाजातील अधिकाराच्या धाकावर याहून नेमके भाष्य किती 'गंभीर' कादंबऱ्यांत सापडेल? रहस्य उलगडल्यानंतरही हे भाष्य शिळे होत नाही.

अर्थात सगळ्याच कादंबऱ्या या कसोटीला उतरत नाहीत. पुढचा अंक वेळेवर द्यायचा, या घाईत अनेक ठिकाणी शेवट उरकलेला दिसतो. काही कादंबऱ्या केवळ वेळ घालवण्यापुरत्याच आहेत. पण सामान्य गझलांच्या ढिगामुळे आपण गझल हा प्रकार मोडीत काढत नाही. मग रहस्यकथेलाच वेगळा न्याय का?

दास्तानलाही पूर्वी असाच निकाल मिळाला होता. लखनौच्या नवल किशोर छापखान्याने 'दास्ताने अमीर हमजा' ४६ खंडांत छापली. पुढच्या समीक्षकांनी जादूटोण्याच्या गप्पा म्हणून ती बाजूला सारली. तिचे वाङ्मयीन मोल शम्सुर्रहमान फारूकी यांनी अनेक वर्षे खपून दाखवून दिले. त्याच फारूकींनी 'जासूसी दुनिया'तील चार कादंबऱ्या इंग्रजीत आणल्या. त्या २०११ मध्ये प्रसिद्ध झाल्या. मराठीत जयंत नारळीकरांसारखा विज्ञानकथाकार २०२१ च्या नाशिक साहित्य संमेलनाचा अध्यक्ष झाला. साहित्य अकादमीचा पुरस्कार मात्र त्यांना २०१४ मध्ये आत्मचरित्रासाठी मिळाला.

हा वाद केवळ समीक्षकांचा नाही. उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवताना मी रोज पाहतो, धड्याचे पुस्तक पाहून जांभई देणारा मुलगा जासूसी कादंबरी बाकाखाली लपवून वाचतो. ती हिसकावून घेणे सोपे आहे. पण भाषा उर्दू असो की मराठी, ती वाचणाऱ्यांवरच जगते. त्या मुलाला पुस्तक परत द्यावे आणि विचारावे, 'गुन्हेगार सापडला. आता सांग, या गोष्टीतले काय लक्षात राहिले?' त्याला उत्तर देता आले, तर त्याने साहित्यच वाचले असे समजावे.