साक्षीदार की वकील? ‘स्मृतिचित्रे’ पुन्हा वाचताना

आजचा विषय जाहीर झाला तेव्हा आमच्याकडे दोन प्रश्न आले. चर्चमधल्या मंडळींनी विचारलं, आपली श्रद्धा दुसऱ्याला सांगणं हा विषय साहित्याच्या व्यासपीठावर कशाला? साहित्यातल्या मंडळींनी विचारलं, यात धर्मप्रचार तर होणार नाही ना?

दोन्ही प्रश्न रास्त आहेत, आणि दोन्हींच्या मुळाशी अडचण एकच आहे. श्रद्धा सांगायची म्हणजे नेमकं काय करायचं? आम्हा ख्रिस्ती माणसांना हे सांगणं टाळता येत नाही. येशूने शिष्यांना जगात जाऊन सांगायला पाठवलं, त्यामुळे सांगणं हा आमच्या जगण्याच्या उद्देशातच येतो. पण कसं सांगायचं? मराठीत या प्रश्नाची उत्तरं चारशे वर्षं लिहिली जात आहेत. फादर स्टीफन्स यांचं ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली छापलं गेलं, तिथपासून मोजा. आज आपण त्यातली दोनच पुस्तकं शेजारी शेजारी ठेवून पाहू: बाबा पदमनजींचं ‘यमुनापर्यटन’ आणि लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’.

त्याआधी एका शब्दाकडे लक्ष वेधतो. प्रार्थनासभेत कुणी उभं राहून देवाने आपल्या आयुष्यात काय केलं ते सांगतं, त्याला आमच्याकडे ‘साक्ष देणं’ म्हणतात. हा शब्द कोर्टातला आहे, हे आम्ही बहुतेक विसरलो आहोत. कोर्टात वकिलाला खटला जिंकायचा असतो, म्हणून तो आपल्या बाजूचं तेवढं मांडतो. साक्षीदाराने पाहिलं तेवढं सांगायचं असतं. त्यात आपल्या बाजूला अडचणीचं असेल तर तेही. आणि मग उलटतपासणीला उभं राहायचं असतं. आता हा फरक मनात ठेवून पुस्तकांकडे वळू.

‘यमुनापर्यटन’ १८५७ सालचं. पुनर्विवाहाचा कायदा झाला त्याच्या पुढच्याच वर्षीचं. मराठीतली पहिली कादंबरी म्हणून आपण तिचं नाव घेतो. यमुना आणि विनायक प्रवासाला निघतात, गावोगावच्या विधवांच्या कहाण्या ऐकतात, वाटेत धर्मावर चर्चा होतात. पदमनजींनी स्वतः १८५४ मध्ये बाप्तिस्मा घेतला होता. घर सुटण्याचं दुःख त्यांना ठाऊक होतं. विधवांची दुःखं सांगताना त्यांची लेखणी जिवंत होते. केशवपन, उपासमार, घरातल्या घरात होणारी हेटाळणी, हे सगळं इतक्या सरळपणे मराठी गद्यात त्याआधी क्वचितच आलं असेल. त्या पानांवर पदमनजी साक्षीदार आहेत.

पण चर्चा सुरू झाली की ते वकील होतात. समोरच्याचा आक्षेप येतो तो खोडण्यासाठीच. प्रश्न विचारणाऱ्याला खरा, टोचणारा प्रश्न सुचतच नाही. वाचक पुढचं उत्तर आधीच ओळखतो, आणि ज्याला पटलेलं नाही त्याला वाटतं, आपल्या बाजूने इथे कुणी बोललंच नाही. कादंबरीचं यश विधवांच्या कहाण्यांत आहे आणि अपयश वादांत आहे, असं आमचं मत. यात पदमनजींचा दोष थोडा, काळाचा जास्त. खंडनमंडनाचाच तो काळ होता, आणि दोन्ही बाजू तशाच लिहीत होत्या.

आता ‘स्मृतिचित्रे’. १९३४ पासून ती चार भागांत आली. मुलगा देवदत्त यांना वडिलांचं, म्हणजे रेव्हरंड नारायण वामन टिळकांचं चरित्र लिहायचं होतं, त्यासाठी आईने आठवणी लिहून द्याव्यात, अशी सुरुवात झाली. म्हणजे ठरवलेली भूमिका साक्षीदाराचीच. फार शिकलेल्या नसलेल्या बाई, पण पाहिलेलं विसरायचं नाही आणि झाकायचं नाही, ही बाईंची रीत.

पुस्तकाचं पहिलंच चित्र आठवा. नाशिकजवळच्या जलालपूरचं माहेर, आणि सोवळ्याने पछाडलेले वडील. बाजारातून आलेलं मीठसुद्धा धुतलं जायचं! मीठ धुतल्यावर उरतं काय, हा प्रश्न लक्ष्मीबाई विचारत नाहीत. त्या फक्त दाखवतात. आपण हसतो, आणि हसता हसता सोवळ्याबद्दल जे कळायचं ते कळतं. पदमनजींना यासाठी चार पानांचा संवाद लागला असता.

पुढे १८९३ साली टिळक आगगाडीने राजनांदगावला जात असताना एक अनोळखी युरोपियन गृहस्थ भेटतो. गप्पा होतात, निरोप घेताना तो ‘नवा करार’ हातात ठेवतो. त्याचं नावही टिळकांना पुढे कळलं नाही. टिळक गिरिप्रवचनापर्यंत आले आणि अडकले. १८९५ च्या फेब्रुवारीत मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. ही गोष्ट आमच्या चर्चमध्ये आवडीने सांगितली जाते. बघा, एका पुस्तकाने काय केलं! आणि ते खरंच आहे.

पण लक्ष्मीबाई त्याच घटनेची दुसरी बाजू सांगतात, आणि चर्चमध्ये ती क्वचित ऐकू येते. नवऱ्याने धर्म बदलला ही बातमी येऊन आदळली तेव्हा पदरी लहान मूल होतं. नवरा जिवंत असून संसार मोडला. नातेवाइकांकडे राहायचं, लोकांची बोलणी ऐकायची, काही वर्षं अशीच काढायची. टिळकांना जगण्याचा उद्देश सापडला त्याच दिवशी लक्ष्मीबाईंचं जगणं उघड्यावर आलं. बाई हे रडगाणं म्हणून सांगत नाहीत, स्वतःची थट्टा करत सांगतात. पण सांगतात. एकाच्या श्रद्धेची किंमत घरातलं दुसरं कुणीतरी भरत असतं, हे मराठीत इतक्या स्पष्टपणे दुसऱ्या कुणी लिहिल्याचं आम्हाला आठवत नाही.

मग त्या नवऱ्याकडे परततात, पण धर्म बदलून नव्हे. सोवळं सांभाळून, वेगळी चूल मांडून. आता इथे टिळकांचं काय होतं ते पाहण्यासारखं आहे. मराठीतला गाजलेला कवी, फर्डा वक्ता, पण घरात त्याचं वक्तृत्व चालत नाही. जातीचा विटाळ बाईंच्या मनातून जातो तो एके दिवशी बसल्या बसल्या, स्वतःच्याच विचाराने: ही जात देवाने केली की माणसाने? माणसाने केली असेल तर मी ती का पाळू? कुणाचं प्रवचन त्या क्षणी चालू नव्हतं. १९०० मध्ये बाईंनी बाप्तिस्मा घेतला. म्हणजे टिळकांनी हजारोंना जे सांगितलं, ते घरच्या एका माणसाला पटायला पाच वर्षं गेली, आणि त्या पाच वर्षांत कामी आलं ते थांबणं. वेगळी चूल त्यांनी मोडली नाही.

आणि नंतर? साचेबंद साक्षीत यापुढे सगळं गोड होतं. इथे तसं होत नाही. टिळकांचा संताप तसाच, विसरभोळेपणा तसाच, हातात आलेला पैसा दुसऱ्याला देऊन मोकळं होणं तसंच. घरात भांडणं होतात, दारिद्र्य आहेच. त्याच घरात बालकवींसारखा पोरगेला कवी राहून जातो, अनाथ पोरं वाढतात. बाई आपल्या नवऱ्याला संत करत नाहीत, म्हणूनच त्यांनी दाखवलेलं त्याचं मोठेपण आपल्याला पटतं. उलटतपासणीत वकिलाने काढायचं ते सगळं बाईंनी आधीच टेबलावर मांडलेलं आहे.

आता एक आक्षेप घेऊ, कारण तो खरा आहे. कुणी म्हणेल, मग नुसतं चांगलं जगावं, बोलायचंच कशाला? टिळक असं म्हणणार नाहीत. त्यांनी शेकडो भजनं लिहिली, ‘ज्ञानोदया’चं संपादन केलं, ‘ख्रिस्तायन’ हाती घेतलं. ते अपुरं राहिलं आणि पुढे लक्ष्मीबाईंनी पुरं केलं. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असं ते सांगत. १९१७ मध्ये त्यांनी मिशनची नोकरी सोडली आणि ‘देवाचा दरबार’ मांडला. त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले दोघांनाही जागा होती. पगारावर सांगणं आणि स्वतःच्या जबाबदारीवर सांगणं यांतला फरक त्यांना शेवटी शेवटी फार जाणवला असावा, असं आम्ही यातून वाचतो. १९१९ मध्ये ते गेले.

दुसरा आक्षेप जास्त अवघड आहे. सांगणाऱ्याच्या हातात ऐकणाऱ्याचं जेवणखाण असेल तर? पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनाचा १८९३ चा वाद याच मुद्द्यावरचा. रमाबाई आपल्या खोलीत प्रार्थना करत, दार उघडं असे, मुली येऊन बसत. रमाबाईंच्या बाजूने पाहिलं तर उघडं दार म्हणजे मोकळीक. रानडे-भांडारकरांच्या बाजूने पाहिलं तर निराधार मुलीला ते दार नाकारता येतं का, हा प्रश्न. सल्लागार मंडळातून ते बाहेर पडले. आम्ही रमाबाईंना मानतो, तरी हा प्रश्न निकालात निघाला असं म्हणू शकत नाही. साक्ष खरी ठरायला ऐकणाऱ्याला ‘नाही’ म्हणता आलं पाहिजे, आणि ‘नाही’ म्हटल्यावर त्याच्या ताटात काही कमी होता कामा नये. लक्ष्मीबाईंना ‘नाही’ म्हणता आलं, पाच वर्षं म्हणता आलं. त्यामुळेच बाईंच्या ‘हो’ला वजन आहे.

शेवटी आमच्याच लोकांशी दोन शब्द. हल्ली सभांमधून ज्या साक्षी ऐकू येतात त्यांचा एक साचा झाला आहे. आधी व्यसन, मग आजार, मग प्रार्थना, मग सगळं ठीक. बोलणारा खोटं बोलतो असं नाही. पण साच्यात न बसणारं तो गाळतो: न सुटलेलं कर्ज, न बोलणारा भाऊ, देवावरचा राग. शेजारच्या माणसाला नेमकं तेच माहीत असतं! त्याने आपल्याला भांडताना पाहिलेलं असतं. म्हणून आपली साक्ष ऐकून तो हसतो, आणि आपण म्हणतो, लोकांची मनं कठीण झाली.

‘स्मृतिचित्रे’ गेली नव्वद वर्षं सर्व धर्मांच्या घरांत वाचली जातात. ज्यांना येशूशी काही देणंघेणं नाही तेही ती वाचून टिळकांच्या देवाबद्दल दोन घटका विचार करतात. आमच्या कितीतरी पत्रकांना हे जमलेलं नाही. पुढच्या वेळी साक्ष द्यायला उभे राहाल तेव्हा एवढंच करून बघा: आपल्या घरच्या माणसाला पहिल्या रांगेत बसवा, आणि त्याच्यासमोर जे म्हणता येईल तेवढंच म्हणा.

इथे थांबतो. आता तुमचे प्रश्न घेऊ या.