पिकार्डला खुर्ची परत मिळते, हे खरं वाटतं का?

'स्टार ट्रेक : द नेक्स्ट जनरेशन' पाहताना तुम्हालाही हे खटकलं असेल. १९९० च्या भागांत बोर्ग कॅप्टन पिकार्डला पकडतात आणि त्याच्याच डोक्यातलं ज्ञान वापरून स्टारफ्लीटची ३९ जहाजं संपवतात. पुढे 'फॅमिली' या भागात तो भावासमोर चिखलात बसून ढसाढसा रडतो, आणि मग थेट पुन्हा कप्तानाच्या खुर्चीत! असं कुठे असतं का?

असतं. वादी कबीरपासून मत्रहचं बंदर जवळच आहे. याच ओमानच्या आखातात १३ जून २०१९ ला दोन टँकरवर हल्ले झाले. अशा जहाजांवर शंभरपेक्षा कमी माणसं असतात, म्हणून आंतरराष्ट्रीय नियमांनुसार डॉक्टर ठेवणं सक्तीचं नाही. खलाशाचं वैद्यकीय प्रमाणपत्रही दोन वर्षांपर्यंत चालतं. मग हादरलेल्या कप्तानाला 'थांब' म्हणणार कोण?

एंटरप्राइजवर तर डॉक्टरही आहे आणि समुपदेशक ट्रॉयसुद्धा. म्हणून पिकार्डचं परतणं मला पटतं. त्याला इतक्या सहज परत घेणं पटत नाही. त्यापेक्षा १९६७ चा 'द डूम्सडे मशीन' खरा वाटतो. सगळे सहकारी गमावलेला कमोडोर डेकर जहाजाचा ताबा घेतो. तो ठीक नाही हे डॉक्टर मॅकॉयला दिसतं, पण तपासणीची नोंदच नाही, म्हणून त्याचे हात बांधलेले.

तुमच्या घरातलं कुणी 'शिपवर' असेल, तर पगार-सुट्टीच्या गप्पांत एकदा हेही विचारा: काही वाईट घडल्यावर तुझी चौकशी कुणी केली होती?