शिखर, चढण आणि यादी

डोंगर चढावयाचा तो शिखर गांठण्यासाठीं कीं चढण्याच्या आनंदासाठीं, हा प्रश्न वरवर पाहतां कॉलेजच्या वादसभेला देण्याजोगा वाटतो. दोन्ही बाजूंनीं टाळ्या घेणारीं भाषणें होतील, आणि शेवटीं अध्यक्ष ‘दोहोंतही तथ्य आहे’ असें म्हणून सभा संपवतील. मीही कित्येक वर्षें अशा सभांचा अध्यक्ष होत आलों आहें आणि तसेंच म्हणत आलों आहें. परंतु गेल्या हिवाळ्यांत माझा एक जुना विद्यार्थी भेटावयास आला आणि त्यानें मला या प्रश्नापुरतें त्या खुर्चीवरून खालीं उतरविलें. त्याच्या खिशांत एक लहानशी वही होती. सह्याद्रींतील ज्या ज्या किल्ल्यांवर तो गेला होता त्यांचे अनुक्रमांक, नांवें आणि तारखा तींत सुवाच्य अक्षरांत लिहिलेल्या होत्या. शेवटचा आंकडा होता १०४. “सर, शंभरी ओलांडली,” तो म्हणाला. मीं सहज विचारलें, “त्यांतला ६१ वा कसा होता?” त्यानें वही उघडली, नांव वाचलें आणि बराच वेळ तो गप्प राहिला. नांव वहींत होतें. त्याच्यापाशीं कांहीं उरलें नव्हतें.

त्याला हंसण्याचा अधिकार मला नाहीं. विशींत असतांना शेक्सपीयरचीं ३७ नाटकें वाचून काढावयाचीं असा पण मीं केला होता व तो तडीसही नेला. शेवटचें नाटक कोणत्या दिवशीं संपलें तें मला आजही सांगतां येईल. ‘सिंबेलिन’चें कथानक मात्र पुस्तक पुन्हा उघडल्यावांचून सांगतां येणार नाहीं. तेव्हां हा प्रश्न जितका डोंगराचा तितकाच वाचनाचाही आहे. म्हणूनच त्याचा विचार मी दोन पुस्तकांच्या आधारें करणार आहें. दोन्ही पुस्तकें स्कॉटलंडच्या डोंगरांविषयीं आहेत, आणि दोन्ही एकमेकांना उत्तर म्हणून लिहिलेलीं नसलीं तरी शेजारीं ठेवलीं असतां तशीं वाटतात.

पहिलें पुस्तक म्हणजे वस्तुतः एक कोष्टक आहे. सर ह्यू मन्रो हे १८८९ मध्यें स्थापन झालेल्या स्कॉटिश माउंटेनियरिंग क्लबच्या मूळ सभासदांपैकीं एक. स्कॉटलंडांत ३,००० फुटांहून, म्हणजे सुमारें ९१४ मीटरांहून, उंच असे डोंगर किती, याचा विश्वसनीय हिशेब त्या काळीं उपलब्ध नव्हता. मन्रो यांनीं नकाशे, वायुभारमापक आणि स्वतःचे पाय यांच्या साहाय्यानें तो केला आणि १८९१ सालीं क्लबच्या नियतकालिकांत प्रसिद्ध केला. ५३८ माथे, आणि त्यांपैकीं स्वतंत्र डोंगर म्हणावेत असे २८३. स्वतंत्र डोंगर कशाला म्हणावें, याची नेमकी व्याख्या मात्र त्यांनीं दिली नाहीं. काम प्रामाणिक होतें, चिकाटीचें होतें, आणि शब्दकोशाला जसा कोणी रस विचारीत नाहीं तसा या कोष्टकालाही विचारण्याचें कारण नव्हतें.

पण शब्दकोश पाठ करणारीं माणसेंही निघतात. दहाच वर्षांनीं, १९०१ सालीं, ए. ई. रॉबर्टसन नांवाच्या एका धर्मोपदेशकानें यादींतले सर्व डोंगर पुरे केल्याची नोंद झाली आणि त्या दिवसापासून कोष्टकाचा खेळ झाला. त्या डोंगरांना ‘मन्रो’ हेंच सामान्यनाम मिळालें. ‘मन्रो पुरे करणाऱ्यां’ची नोंद आज तो क्लब ठेवतो व तींत सात हजारांहून अधिक नांवें आहेत. एका गृहस्थाचें आडनांव डोंगराला मिळावें हा मोठाच मान. परंतु त्यामुळें डोंगराचें स्वतःचें जुनें गेलिक नांव मागें पडलें, हें लक्षांत घेतलें पाहिजे.

यादी एकदां जन्माला आली म्हणजे ती आपल्या नियमानें वाढते व आटते. डोंगराशीं तिला फारसें कर्तव्य राहत नाहीं. २०१२ सालीं नव्यानें मोजणी केली असतां एक डोंगर अर्ध्या मीटराहूनही कमी अंतरानें ठेंगणा ठरला आणि यादींतून गळला. आज मन्रो २८२ आहेत. त्या डोंगरावरचा एक दगडही हलला नव्हता. पहिल्या मानकऱ्याचीही तीच गत. बेन वायव्हिस या डोंगरावर रॉबर्टसन पावसामुळें माथ्याच्या अलीकडूनच परतले असावेत, अशी शंका त्यांच्याच टिपणांच्या आधारें मागाहून घेण्यांत आली. ज्याच्या साऱ्या चढायांचें फळ एका आंकड्यांत सांठविलें, त्याचा एक पावसाळी दिवस तें सर्व फळ नासवूं शकतो. आणि स्वतः मन्रो? त्यांची यादी त्यांना पुरी करतां आलीच नाहीं. स्काय बेटावरचा ‘अगम्य सुळका’ म्हणून प्रसिद्ध असलेला माथा त्यांच्या हातीं लागला नाहीं. आणि कार्न क्लॉख-वूलिन हा डोंगर त्यांनीं अगदीं शेवटीं चढण्यासाठीं राखून ठेवला होता, असें सांगतात. १९१९ सालीं ते वारले, आणि तो डोंगर तसाच राहिला. १९८१ च्या फेरतपासणींत तोही मन्रोंच्या यादींतून वगळण्यांत आला.

दुसरें पुस्तक नॅन शेफर्ड यांचें ‘द लिव्हिंग माउंटन’. शेफर्डबाई (१८९३–१९८१) ॲबर्डीन येथें शिक्षक तयार करणाऱ्या संस्थेंत इंग्रजी साहित्य शिकवीत असत. १९२८ ते १९३३ या काळांत त्यांच्या तीन कादंबऱ्या व १९३४ सालीं एक कवितासंग्रह प्रसिद्ध झाला. पुढें दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस त्यांनीं केर्नगॉर्म या पर्वतासंबंधीं हें लहानसें पुस्तक लिहिलें, नील गन या कादंबरीकारांना दाखविलें, आणि मग खणांत ठेवून दिलें. तें छापलें गेलें १९७७ सालीं. शिखर गांठण्याची घाई नसणें म्हणजे काय, याचा याहून चांगला दाखला पुस्तकाबाहेर सांपडणें कठीण.

पुस्तकाचीं प्रकरणें बारा. पठार, कडेकपारी, पाणी, बर्फ, हवा आणि उजेड, वनस्पती, प्राणी, माणूस, झोंप, इंद्रियें असा त्याचा क्रम जातो. डोंगरावर झोंप घेण्यासंबंधीं स्वतंत्र प्रकरण आहे. शिखर सर करण्यासंबंधीं एकही नाहीं. पहिल्याच प्रकरणांत लेखिका असें प्रतिपादन करतात कीं, केर्नगॉर्म हा अनेक डोंगरांचा समूह नसून एकच डोंगर आहे. त्याचा खरा माथा म्हणजे तें विस्तीर्ण पठार, आणि निरनिराळ्या नांवांचीं शिखरें ह्या त्या पठाराच्या पृष्ठावरच्या लहानसहान उलथापालथी होत. मन्रोंच्या कोष्टकाला याहून शांतपणें दिलेलें उत्तर मला ठाऊक नाहीं. कोष्टक जेथें अनेक आंकडे मांडतें, तेथें बाई एकच वस्तु पाहतात.

या पुस्तकाचा गुण वर्णनांत नाहीं, पाहण्याच्या शिस्तींत आहे. लॉख ॲव्हन या सरोवराच्या स्वच्छ पाण्यांत उतरून पुढें पुढें चालत असतां पायाखालचा तळ एकाएकीं संपतो आणि खालीं अथांग खोली दिसते, हा प्रसंग त्या सांगतात. भीतीचा डांगोरा न पिटतां, आपण काय पाहिलें एवढेंच त्या लिहितात. दोन पायांमधून उलटें वांकून ओळखीचा देखावा पाहावा, म्हणजे डोळ्यांना लागलेली संवय सुटते, असेंही त्या सुचवितात. पन्नाशी उलटलेल्या प्राध्यापकानें हा प्रयोग चारचौघांत करूं नये, इतकेंच मी म्हणेन. एकट्यानें करून पाहिला आहे, आणि बाई खरें सांगतात. डोंगरावर त्या विशेष हेतु न धरतां जातात, स्नेह्याच्या घरीं उगीच जावें तशा. ‘वर’ जाण्यापेक्षां ‘आंत’ जाणें हा त्यांचा हव्यास आहे.

येथपर्यंत निकाल सरळ दिसतो. चढणीचा आनंद श्रेष्ठ आणि शिखराची हांव कनिष्ठ. आजकाल असेंच म्हणण्याची रीत आहे, आणि अशी रीत पडली म्हणजे टीकाकारानें थोडें थांबावें हें बरें. शेफर्डबाई स्वतःच कबूल करतात कीं, तरुणपणीं आपल्यालाही उंचीचीच धुंदी होती, माथ्याकडेच ओढ होती. जन्मभर त्या एकाच पर्वतावर त्या पुनःपुन्हा गेल्या, तेव्हां त्यांना निर्हेतुक भटकणें साधलें. शिखराविषयींची त्यांची उदासीनता ही शिखरें पाहून झालेल्या माणसाची उदासीनता आहे. ज्यानें अद्याप एकही डोंगर चढलेला नाहीं त्यानें ती उसनी आणली तर तिचें नांव आळस असें होईल. शिवाय शिखर नसतें तर चढणीला दिशा कुठून येती? कोणती वाट धरावी, कोठें थांबावें, किती दम राखावा, हें सर्व शिखर ठरवितें. माघार घेण्यालाही अर्थ येतो तो शिखरामुळेंच. ज्याला कोठेंच जावयाचें नाहीं त्याला परत फिरण्याचें दुःखही नाहीं, आणि शहाणपणही नाहीं.

आमच्या गायनांत समेचें जें स्थान तेंच डोंगरांत शिखराचें, असें मला वाटतें. गवई तानांच्या आडवाटांनीं कितीही दूर गेला तरी ऐकणाऱ्याच्या मनांत सम उभी असते. ती आहे म्हणूनच त्या आडवाटांना गोडी आहे, आणि तो नेमका तेथें येऊन उतरला म्हणजे मान आपोआप डोलते. सम काढून टाका, आलापी भरकटेल. पण मैफल संपल्यावर ‘बुवा आज कितीदां समेवर आले’ याची मोजदाद करीत बसणाऱ्याला रसिक कोणी म्हणणार नाहीं.

म्हणजे वादांतले पक्ष दोन नसून तीन आहेत: चढण, शिखर आणि यादी. चढण व शिखर यांचें भांडण नाहींच. भांडण लावून दिलें आहे तें यादीनें. शिखर डोंगराचें असतें, यादी आपली असते. हा भेद किती खोल आहे तें हिमालयांतील दोन हकीकतींवरून दिसेल. २५ मे १९५५ रोजीं जो ब्राउन आणि जॉर्ज बँड हे दोघे कांचनगंगेच्या माथ्याशीं पोहोंचले. जगांतलें तें तिसऱ्या क्रमांकाचें शिखर तोंवर कोणीं गांठलें नव्हतें. सिक्कीमच्या लोकांना तें पवित्र. म्हणून अगदीं माथ्यावर पाऊल ठेवणार नाहीं असें वचन त्या मोहिमेनें दिलें होतें. दोघे कांहीं पावलें अलीकडे थांबले. दुसऱ्या दिवशीं आलेल्या दोघांनींही तेंच केलें. त्यांनीं कांचनगंगा चढली नाहीं असें आजवर कोणी म्हटलेलें नाहीं. उलट, राइनहोल्ड मेसनर यांनीं ८,००० मीटरांवरचीं चौदाही शिखरें १९८६ पर्यंत प्रथम पुरीं केलीं असें जग मानीत होतें. २०२३ सालीं गिनेसच्या विक्रमग्रंथानें तो मान काढून घेतला. कारण, १९८५ मध्यें अन्नपूर्णेच्या लांबलचक धारेवर ते सर्वोच्च बिंदूच्या थोडे अलीकडे थांबले असावेत, असें एका संशोधकानें दाखविलें. दोन्हीकडे अंतर थोडेंच. एकीकडे तें वचन झालें, दुसरीकडे उणीव. डोंगराच्या हिशेबांत दोन्ही चढाया पुऱ्या आहेत. उणीव दिसते ती यादीच्या हिशेबांत.

तरीही यादीला हांकलून द्यावें असें मी म्हणणार नाहीं. मन्रोंचें कोष्टक नसतें तर त्या सात हजारांतले पुष्कळसे लोक चारदोन प्रसिद्ध डोंगरांपलीकडे गेलेच नसते. दूरच्या ओसाड खोऱ्यांत त्यांना नेलें तें यादीनें. माझ्या विद्यार्थ्याला त्या ६१ व्या किल्ल्याचें नांव तरी कुठून कळतें? आणि पण केला नसता तर ‘सिंबेलिन’ मीं उघडलेंच नसतें. यादी हें दार आहे, आणि दारावांचून घरांत जातां येत नाहीं. पण आयुष्यभर उंबऱ्यांची संख्या सांगत फिरणाऱ्यानें घर पाहिलें असें होत नाहीं. माझी कसोटी साधी आहे: उद्यां तो डोंगर यादींतून वगळला तर तुमच्यापाशीं काय उरतें? कांहीं उरत असेल तर तुम्ही डोंगर चढलां. कांहींच उरत नसेल तर यादी चढलां.

विद्यार्थी जावयास उठला तेव्हां मीं त्याला आणखी एकच विचारलें, “वहींत नसलेला असा एखादा किल्ला आहे का?” तो हंसला. एक होता, म्हणाला. भर पावसाळ्यांत निघालों. खिंडीपर्यंत गेलों तों धुकें इतकें दाटलें कीं वाट दिसेना. परत पायथ्याच्या वाडींत आलों. एका म्हातारीनें ओसरीवर जागा दिली, चुलीशेजारीं कपडे वाळत घातले, रात्रभर तिचा मुलगा किल्ल्याच्या पाण्याच्या टांक्यांविषयीं सांगत होता. पहांटे धुकें फाटलें आणि माथा समोर दिसला, काळाभोर, सगळीकडून पाणी कोसळत असलेला. पण सकाळची एस. टी. गांठावयाची होती. असा तो अर्धा तास बोलत होता, आणि त्यांत एकदांही त्याला वही उघडावी लागली नाहीं.

“मग हा वहींत कां नाहीं?” मीं विचारलें.

“पुरा झाला नाहीं ना, सर.”

तो किल्ला त्यानें वहींत लिहावा कीं नाहीं, हें मीं त्याला सांगितलें नाहीं. शेफर्डबाईंचें पुस्तक तेवढें वाचावयास दिलें, आणि परत करण्याची घाई करूं नको असें बजावलें. तो गेल्यावर ‘सिंबेलिन’ कपाटांतून खालीं काढलें. सध्यां दुसऱ्या अंकांत आहें.