'मृत्युंजय' कादंबरींतील कर्णाचा करीना

वतनाच्या तंट्यांत वादी आपल्या घराण्याची हकीकत मुळापासून लिहून देई, त्या कागदास करीना म्हणत, हें या त्रैमासिकाच्या वाचकांस सांगावयास नको. करीना हा निव्वळ वृत्तांत नव्हे; 'मी अमुक' हें सिद्ध करण्यासाठींच तो रचिलेला असतो, आणि प्रतिवादीचा करीना शेजारीं ठेवल्यावांचून त्याचें मोल ठरत नाहीं. कै. शिवाजी सावंत यांची 'मृत्युंजय' वाचतांना याची वारंवार आठवण होते.

भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरानें १९१९ सालीं आरंभिलेली महाभारताची चिकित्सित आवृत्ति १९६६ सालीं पुरी झाली, आणि पुढल्याच वर्षीं पुण्याच्या कॉन्टिनेन्टल प्रकाशनानें ही कादंबरी काढिली. पोथ्या ताडून एकीकडे कर्णाची कथा आखडत होती, दुसरीकडे ती विस्तार पावत होती. द्रौपदीनें भर स्वयंवरांत कर्णास सूत म्हणून झिडकारिलें, हा सर्वांच्या तोंडीं असलेला प्रसंग संपादकांनीं मुख्य संहितेंतून काढून तळटीपेंत घातला आहे. लोकांच्या मनांतील कर्ण मात्र त्या अपमानावरच उभा आहे!

उद्योगपर्वांत कृष्णानें जन्मवृत्त सांगितल्यावर कर्ण जें उत्तर देतो, तें वस्तुतः करीनाच होय. धर्मतः आपण पांडूचा पुत्र, हें तो आधींच कबूल करितो. मग सांगतो: अधिरथानें मला घरीं आणिलें, राधेस पान्हा फुटला, जातकर्म त्यानेंच करविलें, वसुषेण नांव ठेविलें, सूतकुळांतील स्त्रिया करून दिल्या, त्यांच्या ठायीं मला पुत्रपौत्र झाले. शास्त्र विरुद्ध जात असतां हा पुरुष सहवासाची हकीकत जन्माहून वरचढ ठरवितो.

सावंतांचा कर्ण निराळा. तो बाळपणापासून 'मी कोण?' हें विचारीत राहतो. उत्तरासाठीं त्याच्यासह कुंती, दुर्योधन, वृषाली, शोण व अखेरीस कृष्ण असे सहा जण प्रथमपुरुषीं बोलतात. वृषाली व शोण यांच्या घरगुती आठवणींतून राजसभेंत न दिसणारा कर्ण दिसतो, हें ग्रंथाचें खरें यश. परंतु सहांचीही वाणी एकच, उपमांनीं ओथंबलेली. 'दशकुमारचरितां'तील मंत्रगुप्ताचा ओठ दुखावलेला, म्हणून तो ओष्ठ्य वर्ण टाळून आपली कथा सांगतो. दंडीनें एवढें भान राखिलें. येथें दुर्योधन व वृषाली यांची पानें नांवें झांकून वाचल्यास ओळखणें कठीण.

दुसरा दोष अधिक गंभीर आहे. साक्षीदार सारे एकाच पक्षाचे. कुंती व कृष्ण पांडवांकडचीं खरीं, पण येथें तींही कर्णाचीच ग्वाही देतात. अर्जुनाचा करीना कोठें आहे? द्रौपदीचा? द्यूतसभेंत कर्णानें तिजविषयीं काढिलेले उद्गार चिकित्सित आवृत्तींतही कायम आहेत. ते तळटीपेंत गेले नाहींत. तिची जबानी घेतल्यावांचून हा कर्ण पुरता कसा व्हावा? वृषालीस दिलेली जागा द्रौपदीस देण्यास लेखणी कां कचरली, तें कळत नाहीं. पानांची तर वाण नव्हती.