सूझा यांचा ख्रिस्त

फ्रान्सिस न्यूटन सूझा यांनी रंगविलेला क्रुसावरील ख्रिस्त प्रथम पाहणारा भाविक बहुधा दचकतो. लंडनच्या टेट कलासंग्रहात असलेल्या त्यांच्या १९५९ सालच्या चित्रात आपल्या घरच्या तसबिरीतली सौम्य मुद्रा नाही. आहेत त्या काट्यांसारख्या टोकदार काळ्या रेषा आणि यातनेने विद्रूप झालेला देह. हा श्रद्धेचा उपहास आहे, असे म्हणून आपण तोंड फिरवतो. हा निवाडा मला घाईचा वाटतो. त्याचे कारण चित्रकाराच्या बालपणात सापडते.

सूझांचा जन्म १९२४ सालचा, बार्देशातील साळगावचा. ते तान्हे असतानाच वडील वारले. पुढे आई मुंबईस शिवणकाम करून संसार चालवू लागली. तेथे मुलाला देवी आल्या. तो वाचला तर त्याला धर्मगुरू करीन, असा नवस तिने केला. मूल वाचले आणि संत फ्रान्सिस झेवियरच्या कृतज्ञतेपोटी त्याला ‘फ्रान्सिस’ हे नाव लाभले. (नवस आईचा असला तरी पाचारण देवाचे असते, हे आमच्या कित्येक माउलींना आजही पटत नाही.)

त्यानंतर तो साळगावी आजीजवळ राहिला. तेथील चर्च १८७३ सालचे, गॉथिक धाटणीचे. धर्मसिद्धान्तांपेक्षा चर्चच्या वास्तूने व उपासनेच्या वैभवाने आपल्याला भारून टाकले, असे सूझांनी ‘वर्ड्स अँड लाइन्स’ या पुस्तकातील आत्मकथनात नमूद केले आहे. भरजरी झगे, धुपाचा वास, रंगविलेले लाकडी संत आणि या साऱ्या झगमगाटात रक्ताने माखलेला एक माणूस! वसईच्या जुन्या चर्चमध्ये वाढलेल्यांना हे दृश्य परके नाही. सवयीने आपल्याला त्यातले रक्त दिसेनासे होते. या मुलाला ते दिसत राहिले.

पुढे शाळेतून अश्लील चित्रांपायी आणि १९४५ साली जे. जे. कलाशाळेतून राजकीय चळवळीपायी त्यांना काढून टाकण्यात आले. या बंडखोरीच्याच कथा अधिक सांगितल्या जातात. धर्मगुरूंची त्यांनी काढलेली काही चित्रे मलाही बोचतात. त्यांत चिडीपलीकडे फारसे काही उरत नाही.

ख्रिस्ताचे तसे नाही. सोळाव्या शतकात जर्मन चित्रकार ग्रूनेवाल्ड यांनी इझेनहाइमच्या मठासाठी, जेथे त्वचारोग्यांची शुश्रूषा होत असे, फोडांनी भरलेल्या अंगाचा ख्रिस्त रंगविला. रुग्णांना तो आपल्यातलाच वाटावा, असा तो देह आहे. सूझांच्या चेहऱ्यावर देवीचे व्रण अखेरपर्यंत होते. त्यांचा खडबडीत, ओरखडलेला ख्रिस्त मी ग्रूनेवाल्डच्या शेजारी ठेवतो, उपहासचित्रांच्या नव्हे.